पणजीचा घडी-नकाशा : जूनमधल्या कामाच्या नोंदी

२ जून, मंगळवार

काल संध्याकाळी पणजीतल्या मळा भागात वकीलबाईंच्या ऑफिसात बसलो. एका राष्ट्रीय पक्षाची मोठी बैठक १९ ते २१ जूनला पणजीत आहे. देशभरातून प्रतिनिधी येणार, मागोमाग पत्रकार, गाड्या, बंदोबस्त. त्याच दिवसांत आपली माणसंही येणार. म्हादई नदीचं पाणी वळवण्याविरुद्ध आणि जमीन रूपांतराविरुद्ध लढणारे, डोंगरकापणीने कावलेले. सत्तरी, पेडणे, सासष्टी अशा तालुक्यांतून. १९ ला आझाद मैदानावर धरणं. यातली कित्येक माणसं पणजीत येतात ती एखादा दाखला काढायला, आणि काम झालं की पहिल्या बसने परत.

ठरलं ते असं: एक नकाशा. ए-थ्री कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, दोन रंग, घडी घालून शर्टाच्या खिशात मावेल असा. प्रती २०००. काम माझ्याकडे, कारण डीटीपी मी करते. पैसे कुणाकडेच नाहीत, हेही लगेच ठरलं.

भाचा म्हणाला, "मावशी, आता कागद कोण बघतो? लिंक पाठवू." मी म्हटलं, जूनचा पाऊस आहे, ओल्या बोटांचं फोन ऐकत नाही. आणि हजारो माणसं एका मैदानावर आली की नेटवर्कची काय गत होते ते जत्रेत बघितलंयस ना? त्याला पटलं नाही, पण तो सोबत फिरायला तयार झाला. मला तेवढं पुरे.

३ जून

असं आधी कुणी केलंय का, ते रात्री शोधलं. २००४ साली न्यूयॉर्कमध्ये रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलं, तेव्हा तिथल्या कलाकार मंडळींनी आंदोलकांसाठी घडीचा नकाशा काढून फुकट वाटला होता. त्या अधिवेशनाच्या काळात १८०० हून जास्त माणसांना अटक झाली. त्यांतल्या पुष्कळांना नदीकाठच्या एका जुन्या बस डेपोच्या इमारतीत ठेवलं होतं. पुढे दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, महानगरपालिकेने जवळजवळ १.८ कोटी डॉलर देऊन ते दावे मिटवले. नकाशाने यातलं काही अडवलं असं नाही. पण बाहेरगावच्या माणसाला शहर हातात देणं हे आंदोलनाचंच काम आहे, हे तिथल्या कुणाला तरी सुचलं, याचं बरं वाटलं.

आपल्याकडे पाहुणे आले की रस्ते आधी गुळगुळीत होतात, हे घरी लहानपणापासून ऐकत आलोय. १९८३ मध्ये राष्ट्रकुलातले पुढारी आग्वादला विसाव्याला आले होते तेव्हापासूनची ही थट्टा. २०१३ च्या जूनमध्ये भाजपची राष्ट्रीय कार्यकारिणी इथे झाली तेव्हा मी एका छापखान्यात नवी होते. त्या आठवड्यात पणजीत रिकामी खोली मिळाली असेल तर ती माझ्या ऐकण्यात नाही.

५ जून, शुक्रवार

पाया म्हणून ओपनस्ट्रीटमॅप घेतला. २००४ पासून जगभरच्या लोकांनी भरत आणलेला नकाशा, वापरायला मोकळा. मुख्य अट: तळाला त्यांचं श्रेय छापायचं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, पश्चिमेच्या कांपालपासून पूर्वेला बसस्टँडच्या पाटोपर्यंत कापला. प्रमाण १ सेंटीमीटरला ८० मीटर. आल्तिनो टेकडीच्या उंचीच्या रेषा घातल्या आणि लगेच काढल्या. चढ आहे हे सांगायला रेषा लागत नाहीत, "चढ" असं लिहिलं की कळतं.

व्यापारी नकाशांवर मांडवी नदीतला प्रत्येक कॅसिनो झळकतो, त्याचं काठावरचं ऑफिससुद्धा. पाण्याचा नळ मात्र एक नाही.

७ जून, रविवार

नावांचा घोळ. रस्त्याला महापालिकेचं नाव एक, म्हाताऱ्यांच्या तोंडी पोर्तुगीज दुसरं, आणि चालणाऱ्याच्या तोंडी तिसरंच. दयानंद बांदोडकर मार्ग हे नाव पाटीवर आहे. विचारलं तर लोक म्हणतात, "न्हंयदेगेन वच." नदीच्या काठाने जा. अठरा जून रस्ता एवढाच काय तो पाटीवर आणि तोंडात सारखा.

तेव्हा रस्त्यांची नावं बारीक आणि खुणा ठळक: जुनं सचिवालय, अबे फारियाचा पुतळा, चर्च स्क्वेअर, जुंता हाउस, सम्राट-अशोक, सिने नॅशनल, डॉन बॉस्को. सिनेमाघरात आता सिनेमा लागो न लागो, पत्ता सांगायला ते खणखणीत चालू आहे. अबे फारिया चुकामूक झालेल्यांना भेटायची जागा म्हणून ठेवला. हात पसरून बाईवर संमोहन करणारा तो पुतळा एकदा बघितलेला माणूस विसरत नाही.

सासष्टीची टीचर आली. ती रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणी मजकुरावर अडून बसली, आणि तिचं बरोबर आहे. तिच्या गावची निम्मी माणसं देवनागरी अक्षर लावत लावत वाचतात. पण एका खुणेखाली दोन लिप्यांत तीन भाषा बसवल्या तर नकाशा दिसणारच नाही. शेवटी खुणांची नावं देवनागरीत आणि रोमीत, बाकी सगळी चित्रं: नळाला नळ, बसला बस. टीचरने नळाचं चित्र बघून विचारलं, "हें किदें, हत्ती?" पुन्हा काढलं.

८ जून, सोमवार

आजचा दिवस फक्त शौचालयांचा. भाच्याला यायची लाज वाटत होती, त्याला मुद्दाम नेलं.

हे काम कुठल्याही नकाशातलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि कुणीच करत नाही. धरण्याला येणाऱ्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. का, ते विचारायची गरज नसते. वाळपईहून सकाळी सातला निघालेली बाई संध्याकाळी सातला घरी पोचेपर्यंत घोटभर पाण्यावर बसते आणि दुपारी तिला भोवळ येते. मग पुरुष म्हणतात, ऊन लागलं. जूनमध्ये कसलं ऊन?

आम्ही नुसतं "आहे" असं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आत जायचं, कडी लागते का बघायचं, नळ सोडून बघायचा, दिवा लागतो का, पैसे किती मागतात, किती वाजता कुलूप पडतं, सगळं वहीत. एका ठिकाणी बायकांच्या बाजूला बादल्या आणि झाडू भरून ठेवले होते, म्हणजे कागदावर शौचालय आणि प्रत्यक्षात कोठी. एका ठिकाणी कडीच्या जागी सुतळी. सांभाळणारी बाई म्हणाली, "सुतळी हातात धरून बसायचं." तिच्या सांगण्यात तक्रार नव्हती, वापरायची कृती होती. तिथे आम्ही अर्धं चिन्ह दिलं. भाचा म्हणाला अर्धं चिन्ह कसं असतं? म्हटलं, जोडीने जा, एकटी जाऊ नको, असा त्याचा अर्थ खाली लिहायचा.

कदंब बसस्टँडवरचं आणि मार्केटमधलं धरलं. पाटोचं मध्यवर्ती ग्रंथालय मोठ्या अक्षरात घातलं, कारण ती सार्वजनिक जागा आहे आणि कुणालाही आत जाता येतं. १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. पाऊस कोसळला तर तासभर मराठी वर्तमानपत्र वाचत बसावं, कुणी उठ म्हणणार नाही.

फेनिक्सची झरी घालायची का यावर वाद झाला. फोंताइन्यास या तिथल्या जुन्या वस्तीचं नावच झऱ्यावरून पडलेलं, भाच्याला ते फार आवडलं. पण ते पाणी पिण्यायोग्य आहे असं मी छापणार नाही. झरी बघण्याच्या जागांत गेली, नळांत नाही.

१० जून, बुधवार

कदंब या सरकारी बससेवेतून निवृत्त झालेले कंडक्टर काका आज तीन तास बसले. त्यांना वेळापत्रक लागत नाही. डोळे मिटून सांगतात.

त्यांचं पहिलं वाक्य: "यायची बस छापू नकोस, बाय. येणारा येतोच. जायची छाप." म्हणून बसच्या चौकटीचं नावच "परतीची शेवटची" असं केलं. वाळपई, साखळी, डिचोली, पेडणे, फोंडा, मडगाव, काणकोण. मडगाव, वास्को, म्हापशाच्या शटलचं तिकीट आधी खिडकीवर काढायचं असतं, बसमध्ये मिळत नाही. पणजीकरांना हे सांगावं लागत नाही, पण पहिल्यांदा आलेला माणूस शटलच्या दारात उभा राहून पैसे पुढे करतो आणि रांग त्याच्यावर ओरडते. शटल रात्री उशिरापर्यंत चालत नाहीत, हेही लिहिलं. वेळा स्टँडवर जाऊन पुन्हा पडताळायच्या, काकांच्या आठवणीवर छापायच्या नाहीत. काका जरा रागावले, मग म्हणाले, "बरोबर. मी रिटायर झालोय, बस नाही झाली."

दुसरं त्यांचंच: पूल बंद झाले तर? स्टँडवरून शहरात शिरायला ओउरें खाडीवर पाटोचे दोन पूल. दोन्हीवर बॅरिकेड पडलं तर मळ्याकडून फोर पिलर्सच्या बाजूने लांबचा वळसा. म्हापशाकडून येणाऱ्यांना मांडवी पुलावर अडवलं तर बेतीची फेरीबोट. चालणाऱ्याला तिकीट नाही. काकांनी ५ जुलै १९८६ काढला. त्या दिवशी मांडवीचा जुना पूल कोसळला, आणि मग सगळा उत्तर गोवा फेरीच्या रांगेत. "तेव्हा आम्हाला कळलं, पणजी हे बेट आहे." ते तंतोतंत खरं नाही, पण पाऊस, खाड्या आणि बॅरिकेडं एकत्र आली की फारसं खोटंही राहत नाही.

मी स्वतः डिचोलीहून चोडणच्या फेरीने रायबंदरला उतरते आणि पोंत द लिन्यारिशवरून पणजीत येते. सतराव्या शतकात, १६३३-३४ च्या सुमाराला बांधलेला तीनेक किलोमीटरचा बांधपूल, मिठागरांच्या कडेने. तोही नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात बाणाने दाखवला. पायी चालायला लांब आहे, पण पायलटच्या मागे बसून दहा मिनिटं. "पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला" अशी टीप बाहेरच्या पाहुण्यांसाठी. प्रतिनिधी लोक विमानतळावर पायलट शोधतील, तो वेगळा.

११ जून

आज भांडण. भाच्याला नकाशावर प्रतिनिधी उतरणार ती हॉटेलं हवीत, पोलीस कुठे उभे असतील त्या जागाही हव्यात. "आंदोलकांचा नकाशा आहे ना? मग त्यांना माहिती नको?"

त्याला २०१९ चं हाँगकाँग सांगितलं. तिथे पोलीस कुठे आहेत ते दाखवणारं नकाशाचं ॲप होतं, अॅपलने ते आपल्या दुकानातून काढून टाकलं. त्याच ॲपच्या बाजूने आणि विरुद्ध जगभर वाद झाला. आपल्याला तो वाद लढायचा नाही, आपल्याला बायकांना नळ दाखवायचाय. शिवाय छापील कागदावर पोलीस दाखवणं निव्वळ वेडेपणा. बॅरिकेड रात्रीत सरकतं. सकाळी नकाशा खोटा ठरला की त्यावरच्या नळावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

हॉटेलांचं वेगळं. तिथे माणसं झोपतात. आमचं भांडण ठरावांशी आहे, कुणाच्या झोपेशी नाही. वकीलबाईंनी हे दोन शब्दांत मिटवलं: "नाही छापायचं."

घरी येताना फेरीत लिन्शोटेन आठवला. १५८३ मध्ये गोव्यात आलेला डच पोरगा, आर्चबिशपच्या कचेरीत लेखनिक. पाच-सहा वर्षं राहिला, पोर्तुगीजांचे समुद्री मार्ग आणि नकाशे उतरवून घेतले, मायदेशी गेल्यावर छापले. जुन्या गोव्याचा त्याचा नकाशा इतका सुंदर आहे की रस्त्यात चालणारी माणसं दिसतात. पण त्या कागदांच्या मागोमाग डचांची जहाजं आली. नकाशात काय घातलं हे लोक बघतात. माझं या आठवड्याचं निम्मं काम काय काढलं हे आहे.

भाचा अजून फुगलेला आहे.

१२ जून, शुक्रवार

मागची बाजू. वकीलबाईंनी चार पानं पाठवली. जागा तळहाताएवढी.

त्यांना हिंमतलाल शाह खटला हवा होता. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं, सरसकट मनाई करता येत नाही. मोलाचं आहे, पण पावसात उभ्या माणसाला खटल्याचं नाव नको, पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं ते हवं. त्यांनी कापायला नकार दिला, मी टाइपाचा आकार सहावर नेऊन दाखवला. चष्मा काढून त्यांनी स्वतःच कापलं.

उरलं ते असं. शांततेने, शस्त्राशिवाय जमणं हा घटनेच्या कलम १९ मधला हक्क, त्यावर वाजवी बंधनं येऊ शकतात. जमावबंदीचं "एकशे चव्वेचाळीस" आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालंय, १ जुलै २०२४ पासून. ते लागलंय का हे निघण्याआधी विचारा. अटक केली तर कारण सांगायला हवं, नातेवाइकाला कळवायला हवं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायला हवं. सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करत नाहीत, अपवादात्मक परिस्थिती सोडून, आणि तेव्हाही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. मोफत कायदा-मदत १५१००. तातडीला ११२, रुग्णवाहिका १०८. मोठं इस्पितळ बांबोळीला.

वकीलबाईंनी एक ओळ स्वतःच्या हाताने वाढवली: "नंबर फोनमध्ये ठेवू नका, दंडावर लिहा." बॉलपेन पावसात टिकतं का ते आज रात्री माझ्याच दंडावर बघते.

(टिकलं. आंघोळीनंतरही.)

१३ जून, शनिवार

भाईंच्या छापखान्यात नमुना काढला. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला हे भाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, जणू तो त्यांच्याच आजोबांनी आणला. मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद धरला, शंभर जीएसएम जाडीचा. आर्ट पेपर देखणा, पण घडीवर शाई तडकते आणि ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात. सिंथेटिक कागदाचा भाव ऐकून दोघंही हसलो.

नमुना घेऊन माझी परीक्षा: वीस वेळा उघड-मीट, मग बादलीत बुचकळून काढायचा, पंख्याखाली वाळवायचा, पुन्हा वीस वेळा. ए-थ्रीला तीन घड्या पडतात, म्हणजे उघडल्यावर तीन उभ्या रेघा आणि एक आडवी. मधल्या चौफुलीवर सगळ्यात जास्त ताण. तिसाव्या उघडण्याला तिथे टाचणीएवढं भोक पडलं, चाळिसाव्याला मुगाच्या दाण्याएवढं. कागद दिव्यासमोर धरला आणि बघते तर भोकातून उजेड येतोय तो बरोबर आझाद मैदानातून. हुतात्मा स्मारकच नाहीसं झालेलं. पाटो आणि कांपाल दोन्ही बसवायच्या नादात मी मैदान कागदाच्या नेमक्या मध्यावर ठेवलं होतं.

आख्खा नकाशा १४ मिलिमीटर डावीकडे सरकवला. आता भोक पडेल ते घरांच्या एका ठोकळ्यात पडेल. तिथे कुणाला जायचं नाही.

१४ जून, रविवार

नमुन्याच्या पाच प्रती घेऊन कदंब स्टँडवर. सत्तरीकडच्या एका मावशींना दाखवला, डोक्यावर इरलं नव्हतं पण प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी ओढलेली. त्यांनी कागद हातात घेतला, गोल गोल फिरवला, उभा केला, आडवा केला.

"न्हंय खंय दाखयल्या?"

वर निळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, वर कशी असेल, नदी तर उजव्या हाताला आहे. आणि खरंच, स्टँडवरून मैदानाकडे चालताना मांडवी उजव्या हाताला असते. उत्तर वर ठेवायची ही आपली शिकलेल्यांची सवय. त्यांनी कागद काटकोनात वळवला, निळा पट्टा उजवीकडे आणला आणि मग भराभर वाचायला लागल्या. नावं मात्र आडवी पडली होती.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "स्टेज लाव ना, तिकिटासारखे." म्हणून मागच्या बाजूला एक उभी पट्टी: खाली कदंब स्टँड, मग पाटो पूल, पोस्ट ऑफिस, जुनं सचिवालय आणि अबे फारिया, कॅप्टन ऑफ पोर्ट्स, तिथून डावीकडे आत आझाद मैदान. उजव्या कडेला सगळीकडे नदी. रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. कायद्याच्या मजकुरातल्या आणखी दोन ओळी गेल्या. वकीलबाईंना अजून सांगितलेलं नाही.

१६ जून, मंगळवार

अमावस्येनंतरची भरती आणि रात्रभर पाऊस. अठरा जून रस्त्यावर पोटरीपर्यंत पाणी. हे शहर एकोणिसाव्या शतकात दलदल आणि खाजणं भरून वाढवलेलं. भरतीच्या वेळी गटारातून नदीच उलटी येते, मग पावसाला जायला जागा नसते. पाणी भरतं तो पट्टा तिरप्या रेघांनी दाखवला, "भरतीला पाऊस असेल तर टाळा". ही भर प्लेट काढायच्या तासभर आधी घातली. गुडघ्यापर्यंत भिजल्याशिवाय सुचली नसती.

मग भाई अडले. मुद्रक-प्रकाशकाचं नाव नसलेला कागद ते यंत्रावर चढवणार नाहीत. "बाय, माझं नाव मी देतो, पण प्रकाशक कोण?" चौघंही तिथेच होते. काका छताकडे बघायला लागले. टीचरची नोकरी आहे. वकीलबाई म्हणाल्या, मी दिलं तर उद्या कुणाची केस घेता येणार नाही. मी माझं दिलं. लिहिताना हात कापला नाही असं म्हणणार नाही.

संध्याकाळी यंत्र सुरू. काळा आणि निळा. पहिल्या शंभरात रजिस्टर हललं, म्हणजे दोन रंग जागेवर बसले नाहीत, आणि नदी पोस्ट ऑफिसात घुसली. काल रात्री खरोखर तसंच झालं होतं म्हणून भाई ती टाकायला तयार नव्हते.

१७ जून

घड्या. सात माणसं, २००० कागद, हाताच्या नखाने क्रीज. भाचा आला, न बोलता बसला, सगळ्यात सरळ घड्या त्याच्या.

१८ जून, गुरुवार

क्रांती दिन. मैदानावर सकाळी सरकारी कार्यक्रम, स्मारकाला पुष्पचक्र. १९४६ मध्ये याच दिवशी मडगावात राममनोहर लोहिया आणि जुलियांव मिनेझिस यांनी पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली. आजच्या गर्दीत आम्ही नकाशे वाटले नाहीत, तो दिवस वेगळ्या कामाचा. मी फक्त मैदानाची फाटकं कुठली उघडी राहतात ते बघून आले. एक बंद होतं. नकाशावर उघडं छापलंय. रबर स्टँप करून घेतला: "हे फाटक बंद". रात्री २००० ठसे. अंगठा काळा.

१९ जून, शुक्रवार

सकाळी साडेसहापासून स्टँडवर आणि बेतीच्या धक्क्यावर. पाऊस अधूनमधून.

साखळीची बस रिकामी झाली तेव्हा नकाशा घेतलेल्या पहिल्या माणसाने तो न उघडता डोक्यावर धरला. हे अपेक्षित होतं. पुढच्यांनी उघडला. नवा पाटो पूल बंद, जुना उघडा, वळशाची वेळ आली नाही. स्टेजची पट्टी सगळ्यात जास्त चालली. आख्ख्या नकाशाकडे फार कमी जणांनी बघितलं, हे मान्य करायला हवं.

मैदानाच्या कडेला दोन महिला कॉन्स्टेबल, दूरच्या तालुक्यातून बंदोबस्ताला आणलेल्या, पहाटेपासून उभ्या. एकीने नकाशा मागितला. मला वाटलं आता प्रकाशकाचं नाव वाचणार. तिने उलटसुलट करून विचारलं, "यात बायकांचं कुठं आहे?" बोट ठेवून दाखवलं. अर्धं चिन्ह म्हणजे काय तेही सांगितलं. दोघी जोडीने गेल्या, कागद घेऊन.

दुपारी चर्चच्या पायऱ्यांशी गळ्यात बैठकीचं ओळखपत्र घातलेले दोन प्रतिनिधी, छत्री एकच. हिंदीत विचारलं, मंगेशीला कसं जायचं? फोंड्याची बस आमच्या चौकटीत आहे, दिला नकाशा. मागची बाजू वाचून त्यांतला एक म्हणाला, "अच्छा, आप लोग वो हैं." मी हो म्हटलं. नकाशा त्याने परत दिला नाही.

रबर स्टँपची शाई पावसात पसरली. बऱ्याच प्रतींवर "हे फाटक" एवढंच वाचता येत होतं.

२० जून

झोपले.

२२ जून, सोमवार

बैठक काल संपली, फलक उतरवायला सुरुवात. आमच्या उरल्या प्रती साधारण दीडशे, ग्रंथालयात आणि पायलटांच्या स्टँडवर ठेवायच्या.

टीचरने एक वापरलेली प्रत आणून दिली, तिच्या गावच्या एका बाईची. मधल्या चौफुलीवर भोक पडलंय, ठरवल्या जागीच. आणि मार्केटच्या मागे एका चहाच्या गाड्याजवळ बॉलपेनने काढलेला नळ, आमच्यापेक्षा पुष्कळ चांगला, हत्ती वाटत नाही. बाजूला रोमीत लिहिलंय की गाडेवाली हंडा भरू देते, पण चहा घ्यावा लागतो.

पुढच्या छपाईसाठी: तो नळ जाऊन बघायचा. आल्तिनोवर मळ्याच्या मारुतीकडून चढणारी पायऱ्यांची वाट घालायची राहिली. स्टँपला तेलाची शाई. स्टेजची पट्टी पुढच्या बाजूला. भाईंचे साडेतीन हजार बाकी.